सुलभाची निवड : कराओकेतील ॲनिमे-गीते आणि सुखावती परंपरेतील एक जुना वाद

जपानमधील कराओकेच्या खोलीत गाण्याआधी निवड करावी लागते, आणि अनेकांना गाण्यापेक्षा ही निवडच जड जाते. गायकाचा आवाज वगळून केवळ वाद्यसाथ वाजवणारी आणि पडद्यावर शब्द दाखवणारी यंत्रणा म्हणजे कराओके. ती तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या छोट्या, बंद खोल्यांत बसवलेली असते आणि चार-सहा सहकारी, मित्र किंवा नातेवाईक तेथे आळीपाळीने गातात. हाताशी असलेल्या पाटीएवढ्या नियंत्रकावर गाण्यांची यादी लाखांच्या घरात जाते आणि तिच्यात ॲनिमे-गीतांचा, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांच्या व मालिकांच्या आरंभी आणि अखेरीस येणाऱ्या गीतांचा, वाटा मोठा असतो. ज्याला आपल्या गळ्याची खात्री नाही त्याला बहुधा एकच सल्ला मिळतो : सोपे गाणे घ्यावे. सल्ला व्यवहाराचा आहे, पण त्याच्या पोटात एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. अवघड ते टाळून सोपे ते पत्करणे हा दुबळेपणा मानावा, की त्या निवडीला स्वतःचे असे काही मूल्य असू शकते? जपानी बौद्ध विचारात बाराव्या-तेराव्या शतकांत हाच प्रश्न मुक्तीच्या संदर्भात ऐरणीवर आला होता, आणि तेव्हा झालेला युक्तिवाद इतका बारकाईचा आहे की करमणुकीच्या एका साध्या प्रश्नावरही त्याचा प्रकाश पडावा. कराओके हा धर्माचरणाचा एक प्रकार आहे असा दावा येथे अभिप्रेत नाही आणि तो टिकणारही नाही; दोन्हीकडे सुलभतेविषयीची शंका मात्र एकाच जातीची आहे, एवढेच येथे गृहीत धरले आहे.

प्रथम गाणे सोपे असते म्हणजे काय, हे पाहणे आवश्यक आहे, कारण या एका विशेषणाखाली बऱ्याच भिन्न गोष्टी गोळा होतात. सर्वांत उघड गोष्ट म्हणजे स्वरांचा पल्ला. जपानी कराओके-रसिक स्वरांची उंची सांगण्यासाठी एक खास संकेतपद्धती वापरतात. तीत ४४० हर्ट्झच्या स्वराला ‘हाय-ए’ म्हणतात आणि त्याखालच्या सप्तकाला ‘मिड-२’ हे नाव आहे. बहुतेक पुरुषांचा गळा हा ‘हाय-ए’ येण्याच्या आधीच ताणला जातो, तर ‘किमेत्सु नो याइबा’ या मालिकेसाठी लिसा या गायिकेने २०१९ साली गायलेले ‘गुरेंगे’ हे गीत त्या स्वराच्या बरेच वर जाते. यावर यंत्राने दिलेला उपाय म्हणजे पट्टी उतरवण्याची कळ. ती दाबावी तितके अर्धस्वर संपूर्ण साथ खाली येते. पण पट्टी उतरवली की वरचे स्वर आवाक्यात येतात आणि खालचे स्वर घशात बुडतात, त्यामुळे ज्या गाण्याचा पल्लाच मोठा आहे त्याला ही कळ पुरी पडत नाही. दुसरी गोष्ट श्वासाची आहे. ‘ओशी नो को’ या मालिकेचे ‘आयदोल’ हे योआसोबी या जोडीचे २०२३ सालचे गीत ऐकताना गमतीचे वाटते, गाताना मात्र शब्दांच्या दाटीत दम घेण्यास जागा सापडत नाही. याउलट ‘तोनारी नो तोतोरो’ या १९८८ सालच्या चित्रपटातील ‘सानपो’ हे गीत, ज्याचे शब्द बालसाहित्यकार नाकागावा रिएको यांचे आणि चाल हिसाइशी जो यांची आहे, चालत्या पावलांच्या लयीत बांधलेले आहे. त्यात ओळ संपते तेथे श्वासही आपोआप येतो आणि पाच वर्षांचे मूलही ते शेवटपर्यंत नेऊ शकते.

चालींच्या घडणीचाही येथे संबंध आहे. मेइजी काळात, १८८० नंतरच्या दशकात, जपानी शाळांसाठी गीतसंग्रह तयार झाले तेव्हा पाश्चात्त्य सप्तकातील चौथा आणि सातवा स्वर वगळलेली पाच स्वरांची सरगम रूढ होत गेली. तिला ‘योनानुकी’ म्हणतात आणि तिचे पाच स्वर म्हणजे भूप रागाचेच सा, रे, ग, प, ध होत, त्यामुळे महाराष्ट्रातील श्रोत्याला अनेक जुनी जपानी बालगीते प्रथमच ऐकतानाही ओळखीची वाटतात. बालगीतांवर आणि ‘एन्का’ या जुन्या वळणाच्या लोकप्रिय गीतप्रकारावर या सरगमेचा ठसा आहे, आणि त्या वातावरणात वाढलेल्या संगीतकारांच्या जुन्या ॲनिमे-गीतांतही तिची छाया अधूनमधून पडते. अर्धस्वरांच्या अडचणी नसल्याने अशा चालींत अशिक्षित गळा सहसा घसरत नाही.

यापलीकडे एक सुलभता आहे जिचा संबंध संगीतरचनेशी नसून स्मरणाशी आहे. दूरचित्रवाणी मालिकेचे आरंभगीत दर आठवड्याला सुमारे दीड मिनिट वाजते. मूळ गीत मात्र चार-साडेचार मिनिटांचे असते. परिणामी पहिले कडवे आणि ध्रुवपद सगळ्या पिढीला तोंडपाठ असते, आणि दुसरे कडवे मालिकेच्या निष्ठावंत चाहत्यांनाही पडद्यावर वाचूनच म्हणावे लागते. कराओकेच्या खोलीत हा क्षण लपत नाही. ‘शिन सेइकी इव्हांगेलिऑन’ या मालिकेचे १९९५ सालचे आरंभगीत, जे ताकाहाशी योको यांनी गायले आणि जे पुढची अनेक वर्षे कराओकेतील अतिशय लोकप्रिय गीतांत गणले गेले, ते सुरू झाले की पहिल्या ध्रुवपदापर्यंत सगळी खोली गात असते. मधला वाद्यखंड संपून दुसरे कडवे येते तेव्हा आवाज एकदम विरळ होतात, नजरा रंग बदलणाऱ्या अक्षरांवर खिळतात, आणि ध्रुवपद परत आले की सुटल्यासारखा पुन्हा सगळ्यांचा गलका उठतो. गाणे तेच, गळेही तेच, पण सोपेपणा मधल्या मिनिटभरात येऊन-जाऊन असतो. तेव्हा सोपे गाणे याचा अर्थ अल्प स्वरांचे गाणे इतकाच घेता येत नाही. जे अनेकांच्या स्मरणात आधीच शिल्लक आहे तेही सोपेच.

कराओकेचा उगमही या दृष्टीने बोलका आहे. हे यंत्र स्वतंत्रपणे एकाहून अधिक जणांनी घडवले असले तरी १९७१ साली कोबे शहरात इनोउए दाइसुके यांनी भाड्याने दिलेल्या यंत्रांपासून त्याचा प्रसार धरला जातो. इनोउए हे मद्यगृहांतून गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणारे वादक होते, आणि एका नियमित गिऱ्हाइकाबरोबर सहलीला जाणे जमत नसल्याने त्यांनी त्याच्या गळ्याला झेपेल अशी साथ ध्वनिफितीवर मुद्रित करून दिली, अशी या कल्पनेची हकिकत सांगितली जाते. म्हणजे गायकाने साथीला गाठण्याऐवजी साथ गायकापर्यंत खाली उतरली, आणि ज्याला गाता येत नाही त्याच्यासाठीच ही सारी योजना झाली. इनोउए यांनी एकस्वही घेतले नाही. २००४ साली त्यांना जो विनोदी ‘इग नोबेल’ शांतता पुरस्कार मिळाला तो, लोकांना एकमेकांना सहन करण्याची नवी रीत शिकवल्याबद्दल होता. थट्टेत दिलेल्या त्या कारणात तथ्य बरेच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बौद्ध परंपरेत सुकर आणि दुष्कर अशा दोन मार्गांचा भेद ‘दशभूमिकविभाषा’ या ग्रंथात आढळतो. हा ग्रंथ आज केवळ चिनी भाषांतरात उपलब्ध आहे. भाषांतर कुमारजीवाचे असून कर्तृत्व नागार्जुनाकडे दिले जाते, जरी त्याविषयी आधुनिक अभ्यासकांत मतभेद आहेत. नागार्जुन दक्षिण भारतातला मानला जातो आणि तिबेटी परंपरा त्याचे जन्मस्थान विदर्भात सांगते, त्यामुळे सोप्या मार्गाविषयीच्या या जपानी वादाची एक मुळी महाराष्ट्राच्या मातीपर्यंत, निदान आख्यायिकेच्या वाटेने, पोहोचते. ग्रंथातील प्रसंग लक्षणीय आहे. साधकाला जिथून पुन्हा मागे घसरण होत नाही अशी भूमी लवकर गाठण्याचा एखादा सोपा मार्ग आहे काय, असे विचारले जाते, आणि उत्तर देण्याआधी ग्रंथकार प्रश्नकर्त्याची कानउघाडणी करतो : असे विचारणे भित्र्याचे आणि कोत्या मनाचे लक्षण आहे, धैर्यवंताच्या तोंडी ते शोभत नाही. मग मात्र तो म्हणतो की ऐकायचेच असेल तर सांगतो, आणि खुष्कीच्या वाटेने पायी जाणे व पाण्यावरून नावेने जाणे यांतील फरक पुढे ठेवून बुद्धांचे नामस्मरण श्रद्धेने करण्याचा मार्ग दाखवतो. सोप्याची मागणी करणाऱ्याला आधी लाजवायचे आणि नंतर ती पुरीही करायची, ही दुहेरी वृत्ती पुढील सगळ्या वादाची बीजभूमी आहे. ती कराओकेच्या खोलीतही भेटते : सोपे गाणे घेणाऱ्याला हसतात, आणि त्याच्याबरोबर सर्वांत मोठ्याने गातातही.

होनेन (११३३–१२१२) या भिक्षूने या भेदातील लाज काढून टाकली, हे त्याचे खरे कार्य म्हणता येईल. हिएइ पर्वतावरील तेन्दाई या बौद्ध संप्रदायाच्या मठात दीर्घ अध्ययन केल्यानंतर ११७५ साली, चिनी आचार्य शान्दाओ यांच्या भाष्याच्या आधारे, त्याने ‘नेम्बुत्सु’ हीच एकमेव साधना स्वीकारली. नेम्बुत्सु म्हणजे अमिदा बुद्धाचे, ज्याला संस्कृतात अमिताभ म्हणतात, नामोच्चारण. हे नाव घेणाऱ्याला अमिदाच्या सुखावती या शुद्ध भूमीत जन्म मिळेल असे वचन सूत्रग्रंथांत आहे. ११९८ साली सिद्ध झालेल्या ‘सेन्चाकु होंगान नेम्बुत्सुशू’ या ग्रंथात होनेनने असा प्रश्न घातला की अमिदाने इतर सर्व साधना बाजूस सारून नामोच्चारणच का निवडले असावे. त्याच्या उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला भाग नामात सर्व गुण सामावले आहेत या श्रेष्ठतेचा आहे, आणि दुसरा भाग, जो येथे महत्त्वाचा आहे, सुलभतेचा आहे. मूर्ती घडवणे आणि स्तूप उभारणे ही अट असती तर दरिद्री लोकांना आशा उरली नसती. प्रज्ञा ही अट असती तर मंदबुद्धींना, बहुश्रुतता ही अट असती तर अल्पश्रुतांना, आणि शीलपालन ही अट असती तर ज्यांच्या हातून शील मोडले त्यांना. यानंतर होनेन एक साधी गणती करतो : श्रीमंत थोडे आणि गरीब पुष्कळ, विद्वान थोडे आणि अडाणी पुष्कळ. करुणा जर खरोखर सर्वांसाठी असेल, तर तिची अट कोणालाही बाहेर न ठेवणारी असली पाहिजे.

या युक्तिवादात सुलभता ही साधकाच्या सोयीची बाब राहत नाही. तिचे समर्थन ‘मला जमते म्हणून’ असे नसून ‘दार कोणासाठी बंद होते’ या बाजूने केलेले आहे, आणि हा फरक सूक्ष्म दिसला तरी निर्णायक आहे. अवघड साधना करणारा आळशी नसतो हे खरे, पण जी साधना अवघड आहे तीच एकमेव ठरवणारा मात्र बहुसंख्यांना उंबरठ्याबाहेर उभे करतो. कराओकेत ‘गुरेंगे’ निवडणारा निपुण गायक कोणाचे वाईट करीत नाही. तो गात असताना इतर पाच जण श्रोते होतात एवढेच. ‘सानपो’ किंवा डोरेमॉनच्या मालिकेचे १९७९ सालचे जुने गीत निवडणारा मात्र त्या पाच जणांना गाणारे बनवतो, त्यांतील एखाद्याला सूर मुळीच सापडत नसला तरी. होनेनने मृत्यूच्या दोन दिवस आधी एका पानावर लिहून दिलेल्या ‘इचिमाई किशोमोन’ या अंतिम निवेदनात हेच अधिक तीव्रतेने येते. शास्त्रांचे अध्ययन झालेल्यानेही स्वतःला निरक्षर मानून केवळ नाम घ्यावे, असे त्याचे सांगणे आहे. तयारीच्या गळ्याच्या माणसाने सोपे गाणे घेणे आणि दुसरे काही येत नाही म्हणून ते घेणे, या दोहोंत होनेनच्या लेखी भेद उरत नाही.

मराठी वाचकाला येथे वारकरी पंथातील नामसंकीर्तन आठवणे साहजिक आहे, आणि तेथेही नामाच्या सुलभतेचे समर्थन बहुशः याच अंगाने झालेले आहे. मात्र दोन्ही परंपरांची ईश्वरविषयक आणि मोक्षविषयक गृहीतके भिन्न असल्याने साम्य यापुढे ताणणे इष्ट नव्हे.

होनेनच्या आधीच्या पिढीतील ऱ्योनिन या भिक्षूचे उदाहरण कराओकेच्या प्रश्नाला होनेनच्या युक्तिवादाहूनही जवळचे आहे, कारण तो स्वतः गायनाचा आचार्य होता. ‘शोम्यो’ म्हणजे जपानी बौद्ध मंदिरांतील मंत्रगायन. त्यात अक्षराशेजारी काढलेल्या चढत्या-उतरत्या रेघांवरून स्वरांची वळणे ओळखावी लागतात आणि ती गळ्यात बसण्यास वर्षे जातात. क्योतोच्या उत्तरेस डोंगरात वसलेल्या ओहारा येथे ऱ्योनिनने ११०९ साली राइगो-इन हे मंदिर स्थापले आणि तेन्दाई संप्रदायातील विखुरलेल्या गायनपरंपरा एकत्र आणल्या. त्याच्या स्वरांनी तेथील धबधब्याचा आवाजही थांबला अशी आख्यायिका आहे आणि तो धबधबा आजही ‘नि:शब्द’ या अर्थाच्या नावाने ओळखला जातो. असा हा दुष्कर गायनाचा अधिकारी पुरुष पुढे ‘यूझू नेम्बुत्सु’चा प्रवर्तक झाला. या मताप्रमाणे एकाने घेतलेले नाम सर्वांच्या पुण्यात मिसळते आणि सर्वांनी घेतलेले एकाच्या. त्यामुळे रोज ठराविक संख्येने नाम घेण्याचे वचन देणाऱ्यांची नावे एका वहीत नोंदवली जात, आणि वहीत नाव असलेला प्रत्येक जण इतर सर्वांच्या उच्चारणाचा वाटेकरी होई. ज्याच्या गळ्याने धबधबा थांबला असे लोक मानत, त्याने सर्वांना म्हणता येईल अशा सहा अक्षरी नामाची वही घेऊन राजधानीत उतरावे, यात काही विसंगती त्याला जाणवली असे दिसत नाही. त्याच्या विचारात गाणे दर्जेदार करणे आणि गाणे वाटून घेणे ही दोन निराळी कामे होती, आणि एकाने दुसऱ्याला कमीपणा येत नव्हता.

सुंदर गायनाविषयी बौद्ध परंपरेत असलेली मूळ साशंकताही ध्यानात घेतली पाहिजे, नाहीतर अवघड गाणे म्हणजे उच्च आणि सोपे म्हणजे हलके ही समजूत बौद्ध आहे असा गैरसमज व्हायचा. पाली विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्षूंनी लांबवलेल्या गेय स्वरांत धर्मपठण करण्यास मनाई आहे आणि तिची पाच कारणे दिली आहेत : म्हणणारा स्वतःच्या आवाजाला भुलतो, ऐकणारे भुलतात, गृहस्थ लोक हे आमच्यासारखेच गातात म्हणून नावे ठेवतात, स्वर साधण्याच्या नादात समाधी मोडते, आणि पुढची पिढी तोच कित्ता गिरवते. लगेच पुढे साध्या सुरातील पठणास परवानगीही आहे. यांतील पहिले आणि चौथे कारण आधुनिक कराओकेला विलक्षण लागू पडते, विशेषतः यंत्राने गुण देण्याची सोय आल्यापासून. गुण देणारी यंत्रणा पडद्यावर स्वरांच्या आडव्या पट्ट्या दाखवते आणि गाणाऱ्याचा स्वर त्यांवर बसला की नाही हे त्या क्षणी रंगवते. शिवाय आवाजाचे कंपन, खालून घसरत स्वरावर येण्याची ‘शाकुरी’ आणि स्वराला झटकन दिलेला वळसा, म्हणजे ‘कोबुशी’, यांची मोजदाद स्वतंत्रपणे करते. या पट्ट्या आणि शोम्योच्या पोथीतील रेघा दिसायला एकमेकींच्या नात्यातल्या वाटाव्यात, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. परंतु पोथीतील रेघ गुरूसमोर बसून शिकायची असते, तर यंत्राची पट्टी गाणाऱ्याला शेजारी बसलेल्या माणसांपासून तोडते. तो खोलीकडे पाठ करून आकड्याशी बोलू लागतो. सोपे गाणे अशा वेळी फार गुण मिळवून देणारे म्हणून निवडले जाते, आणि तेथे त्याच्या सुलभतेचा होनेनला अभिप्रेत असलेला अर्थ पार नाहीसा होतो.

सुलभतेवरील सर्वांत जोरकस आक्षेप केगोन पंथाच्या म्योए (११७३–१२३२) या भिक्षूचा आहे. होनेनच्या निधनानंतर त्याचा ग्रंथ वाचून म्योएने १२१२ साली ‘झाइजारिन’ हा खंडनग्रंथ लिहिला. बोधिचित्त, म्हणजे सर्व प्राणिमात्रांच्या हितासाठी बोधी मिळवण्याचा संकल्प, होनेनने अनावश्यक साधनांच्या रांगेत बसवले, हा त्याचा मुख्य आरोप होता. नाम सोपे असण्याला म्योएची हरकत नव्हती; त्याची हरकत संकल्पाविना घेतलेल्या नामाला होती, कारण त्याच्या मते संकल्प काढून टाकला तर उरतो तो केवळ तोंडाचा व्यापार. हा आक्षेप निरुत्तर करण्याजोगा नाही. कराओकेतही पुष्कळदा सोपे गाणे निवडले जाते ते वेळ निभावून नेण्यासाठी. पाळी आली, काहीतरी म्हणून टाकले, माइक पुढे दिला. त्या गाण्याने कोणाला आत घेतले नाही आणि कोणाला बाहेर ठेवले नाही. त्यात कोणी नव्हतेच.

तथापि म्योएच्या आक्षेपात एक गृहीतक लपलेले आहे, ते असे की जे सोपे आहे त्यात आशयाचे वजन बाहेरून, गाणाऱ्याच्या संकल्पाने, आणावे लागते. ‘आन्पानमान’ या बालमालिकेचे १९८८ सालचे संचलनगीत याला उत्तर ठरावे. ते मिकी ताकाशी यांच्या सरळ चालीत बांधलेले आणि बालवाडीत गायले जाणारे गीत आहे, आणि त्याचे शब्द चित्रकार-लेखक यानासे ताकाशी (१९१९–२०१३) यांचे आहेत. यानासे दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून चीनमध्ये होते, उपासमार त्यांनी अनुभवली, आणि त्यांचा धाकटा भाऊ नौदलात असताना मारला गेला. युद्धात न्यायाची व्याख्या रातोरात उलटली हे पाहिल्यावर भुकेल्याला अन्न देणे एवढीच कोठेही न उलटणारी नीती आहे, या निष्कर्षाप्रत ते आले. त्यातून लाल कडधान्याच्या गोड सारणाच्या पावाचे डोके असलेला आणि भुकेल्यांना स्वतःचा चेहरा तोडून देणारा नायक जन्मला. जातककथांतील सशाने अतिथीसाठी स्वतःला अग्नीत झोकल्याची कथा ‘कोंजाकु मोनोगातारी’ या जपानी कथासंग्रहातही आलेली असल्याने हे आत्मदान तेथील वाचकाला परके नाही. त्या गीतात माणूस कशासाठी जन्मतो आणि कशाने सुखी होतो, हा प्रश्न मुलांच्या भाषेत सरळ विचारलेला आहे, आणि उत्तराविना जगणे संपू नये अशी इच्छाही. मार्च २०११ मधील भूकंप आणि त्सुनामीनंतर आपद्ग्रस्त भागांतून रेडिओवर या गीताची वारंवार मागणी झाली. ते म्हणणाऱ्या मुलांच्या ठायी बोधिचित्त होते काय, असे म्योएने विचारले असते. पण गीताने आपला संकल्प स्वतःच बरोबर आणलेला होता, आणि तो म्हणणाऱ्याच्या नकळत त्याच्या तोंडी येत होता. अमिदाच्या संकल्पावर विसंबून नाम घेण्याची होनेनची कल्पना याहून फार दूर नाही.

होनेनचा शिष्य शिनरान (११७३–१२६३) याने हा विसंबण्याचा मुद्दा टोकाला नेला. ‘जिरिकी’ म्हणजे स्वतःची शक्ती आणि ‘तारिकी’ म्हणजे दुसऱ्याची, अर्थात अमिदाची, शक्ती. शिनरानच्या मते नामोच्चारणही साधकाचे कर्तृत्व नसून तारिकीचेच कार्य आहे. म्हणून आचरण सोपे असले तरी श्रद्धा अत्यंत दुर्लभ आहे असे तो सुखावती-सूत्राच्या आधारे मांडतो, कारण माणूस आपला हिशेब सोडण्यास तयार नसतो. होनेनच्या अनुयायांत एकदा घेतलेले नाम पुरे की अखंड घेतलेले श्रेष्ठ, असा वाद पेटला तो याच हिशेबापायी, आणि खुद्द होनेन दिवसाला साठ-सत्तर हजार वेळा नाम घेत असे म्हणतात तेव्हा सोप्या मार्गालाही परिश्रम कसे येऊन चिकटतात हे दिसते. कराओकेतील विनयाचाही असाच हिशेब असतो. वरिष्ठांसमोर मुद्दाम हलके गाणे घेणे, आपल्याला येते ते लपवून इतरांना सोयीचे व्हावे म्हणून लहान मुलांचे गीत निवडणे आणि ही सोय सर्वांच्या ध्यानात येईल याची काळजी घेणे, हे सारे शिष्टाचारात बसते, परंतु सुलभतेच्या वेषातील जिरिकीच ती.

शिनरानच्या दृष्टीचा पाठपुरावा केला तर सोपे गाणे निवडावे या सल्ल्याचाच पाया हलू लागतो. कराओकेच्या खोल्यांत नेहमी घडणारी एक गोष्ट अशी की कोणी भाबडेपणाने न झेपणारे गाणे घेतो, ध्रुवपदाच्या उंच स्वराशी त्याचा आवाज फाटतो, आणि त्याच क्षणी इतर सर्व जण ते ध्रुवपद उचलून धरतात. खंजिरीवर ताल पडू लागतो, कोणी दुसरा माइक उचलतो, आणि गाणे शेवटास जाते. येथे दार उघडले ते सोप्या निवडीने नव्हे, चुकलेल्या निवडीने. सोपे गाणे शहाणपणाने निवडणाऱ्याभोवती खोली जितकी जमते त्याहून ती या फाटक्या आवाजाभोवती अधिक जमते, असा अनुभव अपवादात्मक नाही. शिनरानच्या शिष्याने त्याची वचने ‘तान्निशो’ या छोट्या ग्रंथात नोंदवली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वचन असे सुचवते की सज्जनही जेथे तरून जातो तेथे दुर्जन तर आधी तरेल, कारण सज्जनाला अजून स्वतःच्या सामर्थ्याचा भरवसा असतो आणि दुर्जनापाशी तोही उरलेला नसतो. या न्यायाने गळ्याची मर्यादा ओळखून सोपे गाणे घेणारा माणूस दुसऱ्या क्रमांकावर जातो, आणि ‘गुरेंगे’च्या दुसऱ्या कडव्यात अडकलेला, पडद्यावरील अक्षरे हातून निसटलेला माणूस पहिल्यावर येतो. होनेनने ही वर्गवारी मान्य केली असती की नाही, याविषयी त्याच्या ग्रंथातून निश्चित निर्णय निघत नाही, कारण त्याला दाराची रुंदी मोजायची होती आणि शिनरानला दारात अडखळून पडलेल्याचे काय होते हे पाहायचे होते.